फवारणीचा पेशंट आणि तिसऱ्या दिवशीची बडबड

कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्याकडे विदर्भात कॅज्युअल्टीचं चित्रच बदलतं. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त माणसं गेली, तेव्हापासून अंगाला औषधाचा वास असलेला कुणी आला की आम्ही सगळेच धावतो.

हा पेशंट पस्तिशीचा असेल, भर उन्हात वाऱ्याच्या उलट्या दिशेने पंप मारला, शर्ट पूर्ण भिजलेला आणि तोच घालून घरचे घेऊन आलेले. तोंडाला फेस, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, छातीत नुसती घरघर, पल्स पन्नासच्या आत. आधी कपडे काढून साबण-पाण्याने धुतला, एकीकडे अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, चालू. आपल्याकडचं अँप्यूल 0.6 मिलीग्रॅमचं, म्हणजे सुरुवातच तीन-चार अँप्यूल, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, साफ नसेल तर डोस दुप्पट. सिस्टर फोडतायत आणि इंटर्न भरतोय, ट्रेमध्ये काचांचा ढीग. छाती कोरडी झाली तेव्हा कुठे अॅट्रोपिनची ड्रिप लावली.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. रात्री हा उठून बसायला लागला, चादरीवरच्या मुंग्या झटकतोय, बैलाला हाका मारतोय. सगळे म्हणाले अॅट्रोपिन जास्त झालं, ड्रिप बंद करा. तसं होतंही, अॅट्रोपिनने माणूस बडबडतो. पण तेव्हा अंग कोरडं ठणठणीत आणि तापलेलं असतं, पोटाचा आवाज गेलेला असतो, लघवी अडते. मी काखेत हात घातला तर काख घामाने चिंब, हात थरथरतायत, पल्स 130, पोटाचा आवाज नीट. मग विषच परत चढतंय का? तर छाती साफ होती, बुबुळं मोठी होती. मान उशीवरून उचलायला लावली, उचलली. हे या दिवसांत बघायलाच लागतं, कारण एक ते चार दिवसांत मानेची ताकद जाऊन मागोमाग श्वास बंद पडू शकतो.

बायकोला बाहेर पॅसेजमध्ये नेऊन विचारलं. ती आधी गप्प, मग म्हणाली, "रोज लागते मॅडम त्यांना, सकाळपासून. सासऱ्यांसमोर कशी सांगू?"

दारू तुटल्याचं होतं ते. दोन-तीन दिवसांनी असंच उफाळतं. ड्रिप एकदम बंद केली नाही, हळूहळूच उतरवली, लोराझेपाम हे शांत करणारं औषध शिरेतून दिलं, लागेल तसं पुन्हा दिलं, आणि थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, ग्लुकोजच्या आधी. पहाटेपर्यंत झोपला.

मला त्या बाईचं फार वाटतं. पहिल्याच दिवशी सगळ्या नातेवाईकांच्या घोळक्यात आपण "पितो का?" असं खडसावून विचारतो, कोण हो म्हणेल? आता मी बायकोला किंवा आईला बाजूला घेऊन विचारते, "शेवटची कधी घेतली?" एवढंच. खरं उत्तर येतं.

सुट्टीच्या वेळी त्याला मानसोपचारच्या ओपीडीचा कागद दिला, आणि निदान महिनाभर पंपाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. त्याचे वडील म्हणाले, यंदाची फवारणी मजूर लावून करू.