कागदाची पट्टी उलटी उडाली

दुपारनंतर सभागृहात माणसं पेंगतात, अशी तक्रार आली. मी आधी नियंत्रण कक्षातले आकडे पाहिले. गच्चीवरून बाहेरची हवा आत ढकलणारे दोन ब्लोअर, म्हणजे मोठे पंखे आहेत. पहिल्याच्या डक्टमध्ये (हवेच्या नळीत) हवेचा वेग ३.१ मीटर प्रति सेकंद, दुसऱ्याच्या १.४. एरवी दोन्हीकडे २.४ असतो. म्हणजे बेरीज जवळपास तेवढीच. दुसऱ्याचा फिल्टर तुंबला असेल, असं मी धरून चाललो.

पण सभागृहात कार्बन डायऑक्साइड १५०० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत १५०० भाग) होता. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० असतो आणि भरल्या सभागृहात आमच्याकडे ८०० च्या पुढे सहसा जात नाही.

डक्टमधला वेग मोजणारे हे स्वस्तातले थर्मल सेन्सर मीच बसवले होते, आणि विचार करून. १.४ मीटर वेगाला हवेचा गतिज दाब जेमतेम १.२ पास्कल भरतो. साध्या दाब-सेन्सरचा शून्यच तेवढा सरकतो, म्हणजे वारा नसतानाही तो तेवढा दाब दाखवू शकतो. थर्मिस्टरचं, म्हणजे तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणाऱ्या बारीक मण्याचं, तसं नाही. एक मणी हवेचं तापमान मोजतो, दुसरा तिच्यापेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवायचा. वारा जितका जास्त, तितकी तो गरम ठेवायला वीज जास्त. मंद वाऱ्यातही चोख काम.

गच्चीवर गेलो. दुसऱ्या ब्लोअरच्या लूव्हरसमोर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेच्या जाळीसमोर, टिश्यू पेपरची पट्टी धरली. ती जाळीला चिकटायला हवी होती. ती माझ्याच अंगावर उडाली! मी पुन्हा धरली, पुन्हा तेच.

वीज तोडून, कुलूप लावून दार उघडलं. बेल्ट तुटलेला. मोटर नुसतीच फिरत होती, म्हणून पॅनलवर हिरवा दिवा. उलट्या वाऱ्याला अडवणाऱ्या डँपरची पाती धुळीने उघडीच अडकलेली आणि पहिल्या ब्लोअरची हवा तिथून परत बाहेर. १.४ हा आकडा खरा होता, फक्त वजा होता. ३.१ मधून १.४ गेले की उरतात १.७, नेहमीच्या ४.८ च्या जेमतेम तिसरा हिस्सा. गरम मण्याला गार होणं कळतं, वारा कुठून आला ते कळत नाही. हे मला पाठ होतं, तरी बेरीज करताना आठवलं नाही, याचं फार वाईट वाटलं. खाली माणसं त्याच कोंदट हवेत बसली होती.

बेल्ट बदलला, पाती घासून मोकळी केली. तासाभरात आकडा ९०० च्या खाली आला. आता तिथे तीन मणी आहेत: मधला गरम, दोन बाजूंना दोन. वारा ज्या बाजूला जातो, तिकडचा मणी जास्त तापतो.