चिमूटभर तांदूळ

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या एका खेड्यात चार वर्षे राहून आम्ही परत आलो, तेव्हापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. गुहागरला गेले की मामी विचारतात, पुण्यात सोसायटीतल्या शेजारणी विचारतात, आणि प्रत्येकीचे शब्द वेगळे असले तरी आशय एकच असतो: "ना आपली भाषा, ना आपला धर्म, ना नात्यातले कोणी, मग तिथे परके वाटत नव्हते का?" उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने माझे स्वतःचेच समाधान होत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून आज नीट बसून लिहिते.

पहिले काही महिने परके वाटले, हे खरे आहे. पुढे ते कमी होत गेले, आणि त्याचे श्रेय मला स्वतःकडे घेता येणार नाही. नव्याने आलेल्या माणसाला आपल्यात घेण्याची त्या गावाची एक रीत आहे. तिच्यात गोड बोलणे असतेच, पण ती चालते कामाच्या पाळीवर.

यजमानांना योग्यकर्ता शहरात काम मिळाले होते आणि आम्ही घर घेतले ते शहराच्या दक्षिणेला, बांतुल जिल्ह्यातल्या भातखाचरांमधल्या एका वाडीत. उत्तरेला मेरापी हा जागता ज्वालामुखी. आभाळ स्वच्छ असेल त्या पहाटे त्याच्या माथ्यावरचा धूर आमच्या अंगणातून दिसत असे. दक्षिणेला हिंदी महासागर. मेरापीसारख्या पर्वतांच्या राखेने ती जमीन काळी आणि सुपीक केली आहे, आणि त्या जमिनीच्या आधारावरच आज त्या एका बेटावर 15 कोटींहून अधिक माणसे राहतात. खाचरांतल्या पाण्यात झाडांची बेटे उभी असावीत तशा तिथल्या वाड्या लांबून दिसतात आणि जवळ गेल्यावर कळते, की त्या झाडांच्या पोटात घरे आहेत. घराभोवतीच्या परसाला ‘पकारांगान’ म्हणतात. त्यात माड, केळी, फणस, पपई, बांबू आणि कसावा इतके दाटीवाटीने लावलेले असते, की माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला नवे वाटावे असे एकच झाड तिथे होते, मेलिंजोचे. त्याच्या बिया भाजून, ठेचून, वाळवतात आणि पापडासारख्या तळतात. पाऊस मात्र आपल्या उलट. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो, आणि पहिल्या वर्षी ऐन श्रावणात परसातल्या पानांवर धूळ साचलेली पाहून मला जितके परके वाटले तितके भाषा न कळल्यामुळेही वाटले नव्हते.

वाडीच्या तोंडाशी एक पाटी होती: येणाऱ्या पाहुण्याने 24 तासांच्या आत कळवावे. कळवायचे ते ‘पाक एर्ते’ यांना. काही डझन घरांचा एक गट असतो, त्याला ‘रुकुन ततांग्गा’ म्हणजे शेजाऱ्यांचा सलोखा असे सुंदर नाव आहे, आणि त्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याच्या प्रमुखाला एर्ते म्हणतात; ‘पाक’ हे पुरुषाच्या नावाआधीचे आदराचे संबोधन. या व्यवस्थेचे मूळ तितके सुंदर नाही. जपानी लष्कराने जावा व्यापलेला असताना 1944 मध्ये लोकांवर नजर ठेवण्यासाठी आणि धान्य गोळा करण्यासाठी शेजारगट बांधले, त्यांतून ती आली. पण गावकऱ्यांची एकमेकांच्या कामाला जाण्याची पद्धत त्याहून पुष्कळ जुनी होती आणि तिने ही लष्करी चौकट कायमची आपली करून टाकली. आमचे पाक एर्ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. त्यांनी आमची नावे वहीत लिहून घेतली, चहा दिला, आणि यजमानांना सांगितले, "तुमची रात्र मंगळवारची."

ती रात्र गस्तीची होती. तिथे गस्तीला ‘रोंडा’ म्हणतात आणि प्रत्येक घरातला एक पुरुष आठवड्यातून एकदा त्या पाळीवर जातो. चौकीवर पोकळ लाकडाचा ‘कंतोंगान’ टांगलेला असतो. चोर, आग किंवा पूर आला तर तो न थांबता भराभर वाजवायचा, आणि त्या ठोक्यांना ‘तितिर’ असे वेगळे नाव आहे. चोर क्वचितच येतात. गस्तीचे रोजचे काम ‘जिम्पितान’ गोळा करणे हे होते. जिम्पित म्हणजे चिमूट. प्रत्येक घराच्या दर्शनी बाजूला एक लहानसा डबा किंवा बांबूचे नळकांडे अडकवलेले असते, त्यात घरातल्या बाईने संध्याकाळी चिमूटभर तांदूळ टाकून ठेवायचे आणि गस्तवाल्यांनी रात्री घरोघर फिरून ते पिशवीत ओतून घ्यायचे. आता बहुतेक घरांत तांदळाऐवजी 500 रुपियांचे नाणे टाकतात, ज्याची किंमत आपल्या दोन-तीन रुपयांइतकी होते; पण आमच्या शेजारच्या म्बाह, म्हणजे आजी, शेवटपर्यंत तांदूळच टाकत आणि त्यांच्याकडे पाहून मीही तांदूळच टाकू लागले. जमलेल्या पैशांतून वाडीची ताटे, खुर्च्या, मांडवाचे कापड आणि गल्लीतले दिवे येतात. पाक एर्ते मला म्हणाले होते, की डबा सलग दोन रात्री रिकामा मिळाला तर सकाळी कोणीतरी जाऊन त्या घरात आजारपण आहे का ते पाहून येते. मला त्या व्यवस्थेतली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

यजमानांना गस्त मिळाली, तशी मला ‘रेवांग’ मिळाली. कोणाकडे लग्न, सुंता, बारसे किंवा मृत्यूनंतरचा विधी असला की आसपासच्या बायकांनी आदल्या दिवसापासून त्या घरी जाऊन स्वयंपाक करायचा, याला रेवांग म्हणतात. पहिल्यांदा पाक एर्तेंच्या पत्नी मला बोलवायला आल्या, तेव्हा पाहुणी म्हणून बोलावले आहे असे समजून मी चांगली साडी नेसून गेले. त्यांनी ती साडी क्षणभर कौतुकाने पाहिली आणि माझ्या हातात सुरी आणि टोपलीभर छोटे कांदे दिले. त्या दिवशी मला भाषा जवळजवळ येत नव्हती, परंतु कांदे सोलायला, नारळ खवायला आणि केळीचे पान फाटू न देता पुसायला भाषा लागत नाही. अंगणात विटांच्या चुली मांडलेल्या होत्या. तांब्याच्या उंच भांड्यावर बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत भात वाफवला जात होता. चहा करण्याचे काम मात्र पुरुषांच्या एका ठरलेल्या गटाकडे होते, आणि भरलेली तबके पाहुण्यांपर्यंत नेण्याचे काम तरुण मुलामुलींकडे. कोणी कोणाला हुकूम करत नव्हते, तरी दीडशे माणसांचे जेवण वेळेवर झाले.

भाषा मी त्या अंगणातच शिकले आणि ती भातापासून शिकले. शेतातल्या उभ्या भाताला तिथे ‘पारी’ म्हणतात, झोडून काढलेल्या साळीला ‘गाबाह’, कांडलेल्या तांदळाला ‘बरास’, कणीला ‘मनीर’, कोंड्याला ‘कातुल’, शिजलेल्या भाताला ‘सगो’, आणि शिताला, त्या एका शिजलेल्या दाण्याला, ‘उपो’. भांड्याच्या तळाशी लागलेल्या खरवडीलाही ‘इंतिप’ हा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडच्या प्रत्येक शब्दासमोर त्यांचा शब्द ठेवता येतो, हे जेव्हा त्या बायकांच्या लक्षात आले तेव्हा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. म्बाहंनी मग घरातून ‘आनी-आनी’ आणून दाखवली. हे तळहातात मावणारे, एकेक ओंबी कापण्याचे छोटे पाते असते. धान्याची देवता देवी श्री हिला पाते दिसून ती घाबरू नये म्हणून ते मुठीत लपवून कापणी करायची, असे त्या सांगत. 1970 नंतर बुटक्या, लवकर येणाऱ्या जाती आल्या आणि विळ्याने कापणी होऊ लागली; त्या बदलाने उत्पादन वाढले, पण ओंब्या कापून त्यांतला वाटा घरी नेणाऱ्या असंख्य बायकांचे काम गेले. म्बाह त्यांच्यापैकीच एक होत्या.

बोलण्यातली खरी अडचण आदराची होती. जावानी भाषेत एकाच क्रियेला माणूस पाहून वेगळा शब्द वापरतात: बरोबरीच्याने जेवणे म्हणजे ‘मांगान’, नम्रपणे स्वतःच्या जेवण्याबद्दल सांगायचे तर ‘नडो’, आणि वडीलधाऱ्यांचे जेवणे म्हणजे ‘डाहार’. स्वतःबद्दल डाहार म्हणणे ही मोठी चूक, आणि ती मी अनेकदा केली. कोणीही हसले नाही. पुढच्या वाक्यात त्या बायका योग्य शब्द सहज वापरून दाखवत, आणि मला दुरुस्त केले आहे हेसुद्धा मला उशिरा कळत असे.

दुसऱ्या पावसाळ्यात यजमानांना डेंग्यू झाला आणि त्यांना शहरातल्या रुग्णालयात ठेवावे लागले. माझे सगळे नातेवाईक हजारो किलोमीटर दूर होते. तिसऱ्या दिवशी दुपारी खाली गोंगाट ऐकू आला म्हणून खिडकीतून पाहिले, तर एका पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यातून आमच्या वाडीतल्या वीस-बावीस बायका आणि पुरुष एकमेकांना हात देत उतरत होते. आजाऱ्याला भेटायला असे गाडी करून मिळून जाणे ही तिथली नेहमीची चाल आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पाच-पाच जण आत येत, यजमानांच्या पायांना हलकेच हात लावून चौकशी करत आणि बाहेर जात. म्बाहंनी केळीच्या पानात बांधलेले तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणले होते. जाताना पाक एर्तेंनी माझ्या हातात एक पाकीट दिले आणि सांगितले, "हे जिम्पितानमधले आहेत." रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या पैशांत मी रोज संध्याकाळी टाकलेली चिमूटही होती, म्हणून ते घेताना मला संकोच वाटला नाही.

याच वाडीने 27 मे 2006 चा भूकंप पाहिला होता. पहाटे 5 वाजून 53 मिनिटांनी झालेल्या त्या भूकंपात 5,700 हून अधिक माणसे गेली आणि बांतुल जिल्ह्याचे सर्वाधिक नुकसान झाले. घरे पुन्हा बांधताना गटाने कोणाचे आधी आणि कोणाचे नंतर याचा क्रम ठरवला, ज्यात म्हाताऱ्यांची आणि तान्ह्या मुलांची घरे आधी होती, आणि सगळ्यांनी मिळून एकेक घर उभे केले. पाक एर्तेंचे स्वतःचे घर शेवटून दुसरे होते. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही, म्बाहंनी सांगितले.

या रीतीचा भार मोठा आहे, आणि तो लपवला तर माझे उत्तर अप्रामाणिक ठरेल. लग्नसराईच्या महिन्यात एकेका घराला दहा-दहा ठिकाणी अहेर द्यावा लागतो. ज्याचे शेत अर्ध्या एकराचेही नाही तो माणूस त्यासाठी कोंबड्या विकतो किंवा उसने घेतो, कारण न जाणे हा पर्यायच नसतो. एकांत हवा असणाऱ्याला तिथे फार कमी जागा आहे. कारखान्यांच्या आणि जकार्ताच्या ओढीने तरुण निघून जातात, खाचरांत वाकलेल्या पाठी बहुतेक साठीपुढच्या असतात, आणि शहरालगतची खाचरे भराव घालून घरांसाठी विकली जात आहेत. नव्या वसाहतींतली माणसे गस्तीला येण्याऐवजी पैसे भरतात. पैसे भरणे नियमाला धरून आहे, तरी मला ते पाहून वाईट वाटे, कारण डबा रिकामा राहिल्याचे पैसे भरणाऱ्याला कधीच कळणार नाही.

मी महाभारतामुळे तिथे रुळले असेन, असे इकडे पुष्कळांना वाटते. अनुभव उलटा होता. कापणीनंतरच्या गावशुद्धीच्या उत्सवात रात्रभर ‘वायांग’ म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ असे, आणि अर्जुन, भीम ही नावे ऐकून मी पहिल्या वर्षी मोठ्या ओढीने पुढे जाऊन बसले. मात्र तिथली द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी आहे, शिखंडीच्या जागी श्रीकांडी ही अर्जुनाची धनुर्धर पत्नी आहे, आणि मध्यरात्रीनंतर येणारा सेमार, जो पांडवांचा सेवक असूनही मूळचा देव मानला जातो, तो तर आपल्या कथेत मुळीच नाही. ‘ही तर आमची गोष्ट’ असे मी मनात म्हणत होते आणि शेजारी बसलेल्या नमाजी म्हाताऱ्यांची ती तितकीच, किंबहुना माझ्याहून अधिक, स्वतःची होती. त्यांच्या सुलतान आगुंगने 1633 मध्ये इस्लामी चांद्र महिने स्वीकारले, तेव्हा वर्षाची मोजणी मात्र शके 1555 पासून तशीच पुढे चालू ठेवली. आपले काय आणि परक्याचे काय याचा हिशेब त्या लोकांनी फार पूर्वी, माझ्याहून मोठ्या मनाने, केलेला होता. त्या रात्री ओळखीच्या कथेत मी परकी होते. पहाटे उठून चुलीपाशी गेले, तेव्हा हातात कांद्यांची टोपली आली आणि ते वाटणे थांबले.

शेवटी एका लहानशा गोष्टीबद्दल लिहिते. घराबाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, असे मला माझ्या आजीने शिकवले होते, आणि आमच्या घरी अजूनही ते पाळतात. जावातल्या त्या गल्लीत मात्र दिसेल तो विचारतो, "बाडे तिंदाक पुंदी?" म्हणजे "कुठे निघालात?" आरंभी मला तो प्रश्न खटकत असे. नंतर कळले, की ते तिथले अभिवादन आहे आणि त्याला तपशीलवार उत्तर कोणी मागत नाही. आम्ही परत निघालो त्या सकाळी सामान गाडीत चढवून झाले होते, आम्ही कायमचे जात आहोत हे सर्वांना माहीत होते, आणि तरीही म्बाहंनी कुंपणापाशी येऊन रोजच्यासारखेच विचारले, "बाडे तिंदाक पुंदी, बू?" मी रोजच्यासारखेच उत्तर दिले, "बाडे डातंग पकन, म्बाह." बाजारात जाते आहे.