एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं

सर्वोच्च न्यायालयात मराठी कागद चालत नाही. राज्यघटनेच्या ३४८व्या कलमानं तिथली भाषा इंग्रजी ठरवली आहे. त्यामुळे साताऱ्याहून, नांदेडहून, गडचिरोलीहून निघालेला प्रत्येक जबाब, पंचनामा, सातबारा दिल्लीत दाखल होताना इंग्रजी होऊनच यावा लागतो. माझं पोट त्यावर आहे. न्यायालयाजवळच्या भगवानदास रोडच्या आसपासच्या वकिलांकडून फायली येतात, मी त्या उतरवते आणि भाषांतर बरोबर असल्याची सही करते. बहुतेक मजकूर ठरावीक असतो. ‘आम्हास वाचून दाखविला, तो आमचे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ हे वाक्य मी झोपेतही उतरवीन.

त्या फाईलमधलं काम मात्र वेगळं होतं. भाषांतर आधीच झालेलं होतं, दुसऱ्या कुणाकडून तरी. वकील केरळचा, तरुण, कामाला चोख. विशेष अनुमती याचिकेची, म्हणजे उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध इथं दाद मागायच्या अर्जाची, नव्वद दिवसांची मुदत संपत आलेली. त्यानं फोन करून एवढंच सांगितलं, “मॅडम, साक्षीदार क्रमांक तीन मला कळतच नाही. एकदा मूळ मराठी बघाल का?”

मी गेले. प्रकरण जबरी चोरीचं होतं. (गाव आणि तपशील मी इथं बदलले आहेत.) दिवेलागणीला एक जण घरात शिरला, एकट्या बाईला ढकलून अंगावरचे दागिने घेऊन पळाला. समोरच्या ओट्यावर बसलेल्या शेजारच्या आजीनं त्याला पळताना पाहिलं. तीच मुख्य साक्षीदार. तिच्या ओळखण्यावर गावातल्या एका तरुणाला शिक्षा झाली, ती उच्च न्यायालयातही कायम राहिली. दोन्ही निकालांचा आधार एकच: साक्षीदार आरोपीला लहानपणापासून ओळखते, तेव्हा तिची चूक होणं संभवत नाही. आरोपीला त्याच्यासारखाच दिसणारा एक भाऊ आहे, हे एका ओळीत नोंदवून बाजूला ठेवलं होतं.

वकिलानं लाल पेन्सिलीनं दोन ठिकाणी खुणा केल्या होत्या. दोन्ही आजीच्या उलटतपासणीतल्या. इंग्रजीचा अर्थ असा होत होता: “ती मुलं जावळीची आहेत. दोघांपैकी एकाला लपवावे व दुसऱ्याला बाहेर काढावे.”

पहिल्या खुणेपाशी त्यानं नकाशा छापून लावला होता. सातारा जिल्ह्यात जावळी तालुका आहेच, पण हे गाव त्या तालुक्यातलं नव्हतं. मग साक्षीदार आरोपीला परगावचा का म्हणते? आणि दुसऱ्या खुणेपाशी त्याचा खरा उत्साह होता. एकाला लपवा, दुसऱ्याला पुढे करा, असं ही बाई सांगते आहे! म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला लपवून दुसऱ्याला पोलिसांपुढे उभं करण्याच्या बेतात तिचा हात होता. त्यावर त्यानं याचिकेचा एक अख्खा मुद्दा बांधला होता, दीड पानांचा.

मी मूळ कागद मागितला. टंकलेखन फिकट होतं, पण शब्द स्पष्ट: ‘ती जावळी पोरं हाईत. एकाला झाकावं आन दुसऱ्याला काढावं.’

मला हसू आवरेना. तो बिचारा गंभीर चेहऱ्यानं बघत राहिला.

जावळी म्हणजे जुळी. संस्कृत ‘यमल’पासून आलेला हा शब्द शहरात जवळपास गेला, पण घाटावर नि कोकणात अजून आहे. एका सालीत दोन जुळलेलं केळं असतं ते जावळं केळं. पहिलटकरणीला ते खाऊ देत नाहीत, जुळी होतील म्हणून. (लहान मुलाचं जावळ काढतात ते वेगळं.) आधीच्या भाषांतरकारानं प्रतापगडाच्या आसपासचा इतिहास वाचलेला असणार, त्याला जावळी म्हटल्यावर चंद्रराव मोरेच आठवले. जुळ्या भावांचा त्यानं तालुका केला.

दुसऱ्या वाक्याला जास्त वेळ लागला, कारण वकिलाला नुसता अर्थ नको होता. “हूबहू एकसारखे, असंच ना?” त्यानं हिंदीत विचारलं. अर्थ तोच. हूबहू हा शब्द आपल्याकडेही हुबेहूब होऊन नांदतो. मुळात ते अरबी ‘हुव’, म्हणजे ‘तो’, फारसी ‘ब’नं जोडून दोनदा म्हटलेलं आहे. पण त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. हूबहू म्हणायचं तर यात लपवालपवी आली कुठून? आणि ‘झाकावं, काढावं’ ही तर आज्ञा आहे.

आज्ञा नाही, तो विध्यर्थ आहे. शाळेत आपल्याला ‘-आवे’ म्हणजे कर्तव्य एवढंच पक्कं शिकवतात, ‘खरे बोलावे’वाला. पण ‘गावं तर तिनंच’ यात कुणी कुणाला गायला सांगत नसतं. त्याच रूपानं मराठी माणूस योग्यता सांगतो, शक्यता सांगतो, आणि कधी नुसतं ‘करून बघा’ म्हणतो. ही म्हण त्या तिसऱ्या जातीची. तिच्यात एक छोटा प्रयोग आहे: दोघांतला एक झाका, दुसरा बाहेर काढा, बघणाऱ्याला बदल झाल्याचं कळणार नाही. म्हणीचा उगमही मला या दोन क्रियापदांतच दिसतो. तिला मागे कुठली राजाराणीची गोष्ट लागत नाही. बहिणी असल्या की तीच ‘एकीला झाकावी नि दुसरीला काढावी’ होते.

इंग्रजीत याला शेंगेतले वाटाणे म्हणतात, तेच घालून टाका, असं वकिलाचा मदतनीस मधेच म्हणाला. ती उपमा जुनी आहे. जॉन लिली या इंग्रज लेखकानं १५८० साली जुळ्या भावांनाच ती लावली. पण मी ती नाकारली. वाटाणे शेंगेत शेजारी शेजारी असतात, दोन्ही एकदम दिसतात. शेजारी उभं केलं की जुळ्यांतला फरकही डोळ्यांना सापडतो, कुणाची भुवई, कुणाचा खांदा. मराठी म्हण दोघांना एका वेळी दाखवतच नाही. एक दिसत असताना दुसरा झाकलेला हवा, हीच तिची अट.

हे बोलून होईपर्यंत वकिलानं पेन्सिल खाली ठेवली होती. “म्हणजे तिला त्या संध्याकाळी एकच दिसला,” तो म्हणाला. “आणि एकच दिसला तर कोण ते सांगता येत नाही, हे तीच सांगते.”

ते मी म्हणायचं नव्हतं, माझं काम भाषांतराचं. पण होतं ते तसंच. ‘लहानपणापासून ओळखते’ या ज्या आधारावर दोन निकाल उभे होते, त्याला तिनं स्वतःच उलटतपासणीत उत्तर देऊन ठेवलं होतं. खालच्या कोर्टात सगळेच मराठी, म्हण कानांवरून सहज गेली असेल. वकिलानं लगेच पंचनामा उघडायला लावला, बोटांच्या ठशांसाठी. एकबीज जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत सारखाच येतो, पण ठसे गर्भातच वेगवेगळे घडतात. तेवढ्यानं प्रश्न मिटला असता. पंचनाम्यात ठशांचा शब्दही नव्हता. दीड पानांचा जुना मुद्दा गेला आणि त्या जागी सात ओळींचा नवा आला.

मी आजीचं वाक्य साध्या इंग्रजीत लिहिलं: ते इतके सारखे आहेत, की एकाला झाकून त्याच्या जागी दुसऱ्याला पुढे आणलं तरी कळणार नाही. सोबत मूळ म्हण देवनागरीत ठेवली. ‘जावळी’ची ‘जुळी’ झाली.

उठणार, तेवढ्यात त्यानं आणखी एक पान पुढे केलं. आता त्याला चव लागली होती. पोलीस पाटलाची साक्ष. तिथं आधीच्या भाषांतरात शब्दशः उतरलं होतं, ‘दोघेही एकाच माळेचे मणी आहेत.’

“हेही सारखेपणाचंच ना? दोन साक्षीदार झाले मग!”

मणी सारखे असतात हे खरं, पण आपण ही म्हण चेहऱ्यासाठी वापरत नाही. ती गुणांसाठी आहे, आणि गुण म्हणजे बहुतेक वेळा अवगुणच. पाटील दोघांच्या दिसण्याबद्दल बोलतच नव्हता, त्यांच्या लौकिकाबद्दल बोलत होता. मी तसं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं विचारलं, “माळ आणि मणी असंच राहू दिलं तर? शब्दशः चूक तर नाही.”

शब्दशः चूक नव्हतीच. पण खाली सही माझी जाणार होती. मी त्या वाक्यालाही अर्थ लावून दिला, ‘दोघेही सारखेच वाईट चालीचे’ असा, आणि त्यानं पाटलाचा उल्लेख आपल्या मुद्द्यातून काढून टाकला. साक्षीचं पान मात्र जोडपत्रात तसंच गेलं.