आमच्याकडे उचलून आणायची गाडी नाही

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात दिवसाला निदान दोन फोन तरी असे येतात, "मॅडम, आमच्या पिणाऱ्या माणसाला घरनं उचलून न्यायला गाडी पाठवता का, पैसे किती ते बोला." मी म्हणते गाडी नाही, तुम्ही घेऊन या, तो आधी माझ्याशी बोलू दे. फोन कट. पहिली दोन वर्षं आमचं केंद्र बंद पडायची वेळ आली ती या एका उत्तरापायी, तरी उत्तर बदललं नाही.

मला खरं तर लहान मुलांचं काम करायचं होतं. २००८ ला सोलापुरातच मानसशास्त्रात एम.ए. झाले आणि एका सायकियाट्रिस्टच्या ओपीडीत लागले, टेस्ट घ्यायच्या, समुपदेशन करायचं. (घरचे अजून पाहुण्यांना डॉक्टर म्हणून ओळख करून देतात, मी गोळ्या लिहून देऊ शकत नाही हे सांगून दमले.) तिथं मुलं कमी आणि मुलांचे पिणारे बापच जास्त. टॉवेल कारखान्यातले, रिक्षावाले, दोन-तीन मास्तर पण. बायको बोलणार, हा खाली बघणार, कधी ती रांगेत बसल्या बसल्या पण सुपात विड्या वळत असायची कारण दिवसाच्या हजार विड्या झाल्या तर चूल पेटणार. वीस मिनिटं बोलायचं, पंधरा दिवसांनी या म्हणायचं, आणि तेवढ्यात शनिवारचा पगार आणि तीच गल्ली आणि तेच दोस्त. चार-पाच वर्षं हे बघितल्यावर वाटायला लागलं की माणूस महिनाभर तरी त्या गल्लीच्या बाहेर राहिला पाहिजे.

म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका केंद्रात नोकरी धरली, नाव घेत नाही. रात्री जीप यायची, मागं हात बांधलेला माणूस. मोठा हॉल, बाहेरनं कुलूप, डॉक्टर आठवड्यातनं एकदा. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या एक-दोन दिवसांत भ्रम होतो, नसलेल्या मुंग्या आणि माणसं दिसतात, उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. तिथं एकाला दुसऱ्या रात्री फिट आली तर वॉर्डन म्हणाला नाटक करतोय. मी आरडाओरडा केला तेव्हा दवाखान्यात नेलं, वाचला. सात महिन्यांत सोडलं, शेवटचा पगार अजून यायचाय.

मग पुण्याला मुक्तांगण बघून आले. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुलं-सुनीताबाईंच्या मदतीनं १९८६ ला सुरू केलेलं. तिथं बरे झालेलेच नव्या पेशंटना सांभाळतात हे बघून डोक्यात पक्कं बसलं की आपलं निघालं तर असंच.

निघालं २०१४ ला, होटगी रोडच्या बाजूला. व्यसनमुक्ती म्हटलं की कुणी जागा देईना, शेवटी एक बंगला मिळाला कारण तिथं भूत आहे म्हणून तो चार वर्षं रिकामा होता, भाडं पण कमी. (आमच्याकडे कुणाला भूत दिसलं तर आम्ही आधी बीपी बघतो आणि डॉक्टरांना फोन लावतो.) आठ बेड, माझं सोनं बँकेत, एक येणारे सायकियाट्रिस्ट, एक नर्स, आणि ओपीडीतला माझाच जुना पेशंट, तीन वर्षं सोबर, तो आमचा पहिला समुपदेशक. त्याला तेलुगू आणि कन्नड दोन्ही येतं, ते माझ्या एम.ए. पेक्षा जास्त कामाला आलं. तो पेशंटशी बोलताना मला आक्का म्हणायचा, आता सगळेच म्हणतात.

चहाचं त्यानंच शिकवलं. नव्या माणसाला ग्लास अर्धाच भरायचा. हात इतका थरथरतो की भरला तर सगळा अंगावर, आणि चार जणांसमोर सांडला की माणूस शरमेनं त्याच दिवशी निघून जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो स्वतः म्हणतो, "आक्का, पूर्ण भरा की." त्या दिवशी किचनमधनं हाक येते, भरला रे! आणि मग शेंगाचटणी कडक भाकरीची फर्माईश सुरू.

२०१८ मध्ये नवा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला, २०१७ चा. दारू-ड्रग्जचं व्यसन त्यात आलं, आमच्यासारख्यांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी लागली, स्वतःहून आलेला माणूस जातो म्हणाला तर त्याला डांबून ठेवता येत नाही. ज्याला स्वतःचं भान नाही त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे, पण दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्यात एक सायकियाट्रिस्ट हवाच, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस. कागदपत्रांनी जीव नकोसा केला हे खरं, पण गाडी नाही म्हणायला पहिल्यांदा कायद्याचा आधार मिळाला.

लॉकडाऊनमध्ये दुकानं एकदम बंद झाली तेव्हा लोक म्हणाले बरं झालं, आपोआप सुटेल, आणि आमचा फोन रात्रभर वाजायचा, फिट आली, बडबडतोय, भिंतीवरनं काहीतरी काढतोय. बेड भरलेले, निम्म्यांना सिव्हिलला न्या एवढंच सांगता आलं. अजून एक फोन ठरलेला असतो, भाजीत नकळत घालायचं औषध आहे का. ते औषध पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, त्याला माहीतच नसेल तर तो प्यायचं थांबणार कसा?

आता पंधरा बेड आहेत, आज नऊ भरलेत, कर्जाचे दीड वर्षाचे हप्ते बाकी. किती बरे होतात विचारतात, मी आकडा सांगत नाही, बरेच जण घसरतात, पुन्हा येतात, दुसऱ्या वेळी पैसे कमी घेतो. रविवारी घरच्यांची मीटिंग असते. तिथं मी व्यसन म्हणजे काय ते सांगत होते, तलफ, हात थरथरणं, चिडचिड, तर मागनं एक मावशी पदराखालची डबी दाखवत म्हणाल्या, "मग माझी मिसरी बी त्यातच आली की, सकाळी लावल्याशिवाय मला बाहेर बी जाता येत नाही." सगळ्या हसल्या आणि तिघींनी आपापल्या डब्या काढल्या. गुरुवारी दुपारी त्यांचा वेगळा ग्रुप सुरू केलाय, फी नाही, चौघी येतात, येताना विड्यांचं सूप घेऊनच. पूर्ण सुटली म्हणावं अशी एकीचीही नाही अजून, पण मावशी पाच वेळावरून दोनवर आल्यात.