डेलरिनचा शेवटचा कट

18 जुलै, कुंडई, गोवा

सकाळपासून पावसाने पत्रा असा वाजवला की लेथचा, म्हणजे जॉब फिरवून कातायच्या यंत्राचा, आवाजसुद्धा ऐकू येईना. मालिम जेटीवरच्या एका ट्रॉलरमालकाला विंचच्या (जाळं ओढायच्या यंत्राच्या) पुलीचे सहा बुश, म्हणजे पिनवर बसणाऱ्या नळ्या, हवे आहेत. मासेमारी बंदी 31 जुलैला संपते, त्याआधी ते बसायला हवेत.

गेल्या वर्षी नायलॉनचे करून दिले होते. देताना माप अचूक होतं, पण नायलॉन पाणी पितं. बुश फुगले आणि पिनवर आवळून बसले. ते मनाला फार लागलं होतं. यंदा डेलरिन या कडक प्लास्टिकचा रॉड आणला. हे चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवलं तरी जेमतेम पाव टक्का पाणी घेतं.

पहिला बुश काढला आणि हिरमुसलो. वरून केसाळ, मधे मधे पांढुरके पट्टे. टूलपोस्टवर, म्हणजे टूल बांधायच्या जागी, स्टील कापायची कार्बाइड इन्सर्ट (कठीण पात्याचा तुकडा) तशीच राहिली होती. तिची धार मुद्दाम किंचित बोथट ठेवलेली असते, म्हणजे स्टीलमध्ये ती तुटत नाही. प्लास्टिक अशा धारेखाली दबतं आणि घासलं जातं. ही उष्णता स्टीलसारखी आत पसरत नाही, वरच्या वरच साठते आणि पृष्ठभाग चिकट होतो. त्यात मी शेवटचा कट अगदी नाममात्र ठेवलेला, म्हणजे टूल नुसतं पुसतच गेलं.

मग हायस्पीड स्टीलचा जुना बिट, म्हणजे हाताने धार लावायचं टूल, काढला. ग्राइंडरवर वरचा उतार चांगला वाढवला, नाक थोडं गोल केलं आणि तेलाच्या दगडावर बराच वेळ धार लावत बसलो. नखावर टेकवल्यावर घसरला नाही, रुतला, तेव्हाच बांधला. शेवटचा कट पाव मिलिमीटरचा ठेवला, टूल आपोआप सरकवणारा ऑटो फीड लावला आणि मधे कुठेही थांबलो नाही. किसाची पांढरीशुभ्र रिबन सलग सुटत राहिली. खालचा बुश साबणाच्या नव्या वडीसारखा गुळगुळीत! एवढ्या वर्षांनंतरही ते बघताना छाती भरून येते.

त्या रिबनची मात्र धास्ती वाटते. चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या भागात, गुंडाळली गेली की जॉबवर ओरखडे उठतात, आणि हाताने ओढायला गेलं तर बोटच आत जाईल. पोऱ्याला हवेची नळी धरून बाजूला उभा केला. कीस उडाला आणि जॉबही थंड राहिला.

तरी माप लगेच घेतलं ते फसवंच निघालं. लेथवर 40.02 मिलिमीटर, चहा पिऊन आल्यावर 39.96. तापल्यावर डेलरिन स्टीलच्या जवळपास नऊपट फुगतं, हे ठाऊक असूनही घाई झाली. दुसरा बुश अर्धा तास ठेवून मोजला आणि मगच फिनिश, म्हणजे शेवटचा, कट घेतला. तो बरोबर उतरला.

बाकीच्यांना रफ, म्हणजे सुरुवातीचा ओबडधोबड, कट मारून फळीवर ठेवलेत. रात्रभर निवू देत. फिनिश कट उद्या, बिटला पुन्हा दगड लावून.