गोदीच्या आधी जहाज

दक्षिण कोरियातील उल्सान येथे ह्युंदाईच्या गोदीत आमच्या जहाजावर निवासी मजल्यांचा ब्लॉक चढवला गेला, तो दिवस माझ्या नोकरीत सर्वांत ठळकपणे लक्षात राहिला आहे. जहाजमालकाच्या वतीने बांधणीवर देखरेख करणाऱ्या पथकात मी होतो. माझगाव गोदीत उमेदवारी केली असूनही, पाइप, केबल, खिडक्या असे सारे बसवून झालेले कित्येक मजले एकदम उचलून जहाजावर ठेवलेले मी तोवर पाहिले नव्हते. तपासण्या पूर्ण झाल्या होत्या, पण वारा जोराचा असल्यामुळे क्रेन थांबवून ठेवली होती.

त्या मोकळ्या वेळात गोदीच्या एका ज्येष्ठ कोरियन निरीक्षकांनी मला या किनाऱ्याची हकिकत सांगितली. त्यांचे वडील गोदीचे खोदकाम चालू असताना मजूर म्हणून येथे आले होते आणि पुढे वेल्डर झाले.

तांदळाचे दुकान आणि मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवलेल्या चुंग जू-युंग यांनी १९४७ मध्ये ह्युंदाई ही बांधकाम कंपनी काढली आणि १९६७ मध्ये मोटार कंपनी, एवढे मला ठाऊक होते. पण मोठे जहाज बांधण्याचा कसलाही अनुभव नसताना आणि हाती गोदीही नसताना त्यांनी ग्रीक जहाजमालक लिव्हानोस यांच्याकडून प्रत्येकी सुमारे २ लाख ६० हजार टनांच्या दोन तेलवाहू जहाजांचे काम मिळवले, ही गोष्ट प्रत्यक्ष त्या जागी उभे राहून ऐकताना मी थक्क झालो. मार्च १९७२ मध्ये गोदीची पायाभरणी झाली, एकीकडे खोदकाम आणि दुसरीकडे जहाजाची बांधणी अशी दोन्ही कामे बरोबरीने चालली, आणि जून १९७४ मध्ये गोदीचे उद्घाटन व पहिल्या जहाजांचे नामकरण एकाच समारंभात पार पडले.

कर्ज मिळवण्यासाठी चुंग यांनी १९७१ मध्ये लंडनमध्ये कोरियन लोक शतकांपूर्वीपासून जहाजे बांधत आले आहेत हे दाखवण्यासाठी कासवजहाजाचे (सोळाव्या शतकातील कोरियन युद्धनौकेचे) चित्र असलेली पाचशे वॉनची नोट पुढे केली होती, हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्यांचे धाडस मला मनापासून मोठे वाटते, परंतु सरकारने पाठीशी उभे राहून परदेशी कर्जाला हमी दिली नसती आणि हजारो कामगारांनी रात्रंदिवस राबून मुदत पाळली नसती, तर ती नोट आज कोणाच्या स्मरणातही राहिली नसती. १९७३च्या तेलसंकटानंतर ग्राहकांनी नाकारलेली जहाजे वापरात आणण्यासाठी समूहाने १९७६ मध्ये स्वतःची जहाजवाहतूक कंपनी सुरू केली. संकटातून नवा व्यवसाय उभा करण्याची ही रीत मला नोटेपेक्षा जास्त शिकण्यासारखी वाटते.

वडिलांबद्दल बोलताना मात्र निरीक्षकांचा स्वर बदलला. जुलै १९८७ मध्ये उल्सानमधील ह्युंदाईच्या कारखान्यांत कामगार संघटना उभ्या राहू लागल्या, तेव्हा त्यांचे वडीलही मोर्चात होते. पगाराइतकाच तो मानाने वागवले जाण्याचा प्रश्न होता, असे ते म्हणाले.

दुपारी वारा पडला. ब्लॉक उचलला गेला, संथपणे जहाजावर आला आणि खुणांवर टेकला. आम्ही दोघांनी चारही कोपऱ्यांवरची फट मोजली, ती मर्यादेत असल्याची नोंद करून सह्या केल्या, आणि वेल्डरांची पाळी वर चढली.