व इतर

मानपत्र कपाटात उभं करून ठेवलंय. त्यावर आठ नावं आणि त्याखाली बारीक अक्षरात 'व इतर स्वयंसेवक'. मी इतरांत आहे.

काल टाळ्या वाजवताना काहीच वाटलं नाही. घरी येऊन चपला काढल्या आणि एकदम रडू आलं. पावणेतीन वर्षं दर रविवारी जलपर्णी काढायला त्या पाण्यात उतरतेय. नावासाठी उतरले नव्हते, हे अगदी खरं. आणि नाव नव्हतं म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं, ते कळत नाही.

जलपर्णी वरून छान दिसते, हिरवीगार, जांभळ्या फुलांची. आकडा टाकून ओढली की खालून काळ्या मुळ्यांचा झुबका येतो, गाळ आणि वास घेऊन. नव्वद टक्क्यांच्या वर वजन नुसत्या पाण्याचं, त्यामुळे एक टोपलं दोघांनी धरावं लागतं. काठालाच टाकली तर पाणी चढल्यावर परत आत, म्हणून लांब वाहून न्यायची. हवा मानवली की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते आणि चिखलातल्या तिच्या बिया वर्षानुवर्षं रुजायची वाट बघत पडून असतात. दोन रविवार खंड पडला की आधीची मेहनत पाण्यात. हे आठ जणांचं काम नाहीच. आठ तर ओढायलाच लागतात. वाहणारे वेगळे, पसरून वाळवणारे वेगळे. काकू एकदाही पाण्यात उतरल्या नाहीत. त्या काठावर बसून हजेरी लिहितात आणि कोण किती वेळ पाण्यात आहे, त्यावर नजर ठेवतात. गेल्या थंडीत मला त्यांनीच ओरडून बाहेर काढलं होतं. काकूसुद्धा इतरांतच.

कुणीतरी निदान फोन करायला हवा होता. असो.

रात्री पर्यावरणाच्या पुरस्कारांबद्दलच वाचत बसले. गोल्डमन पुरस्कार १९९० पासून तळागाळात काम करणाऱ्यांना देतात, पण व्यक्तीला. इक्वेटर पुरस्कार २००२ पासून स्थानिक गटांना मिळतो. आधी वाटलं, हा बरा. मग वाटलं, गटाचं नाव वाचून तरी कुणाला काय कळणार की त्यात काकू आहेत?

केनियातल्या वांगारी माथाईंच्या, झाडं लावणाऱ्या ग्रीन बेल्ट चळवळीतली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ती १९७७ साली सुरू झाली. रोपं वाढवणाऱ्या बायकांना जगलेल्या रोपामागे थोडे पैसे मिळत. लावलेल्या नव्हे, जगलेल्या. म्हणजे कुणीतरी जाऊन बघत होतं, कुणाचं कुठलं रोप जगलं ते. २००४ चं शांततेचं नोबेल एकट्या माथाईंच्या नावावर आहे. पण आपली रोपं कुणी मोजली होती, हे त्या बायकांना ठाऊक असणार. मला तेवढंच हवं होतं. कुणीतरी मोजलेलं असावं.

सकाळी तणतणतच गेल्या वर्षीचा अहवाल काढला, तेव्हा तरी माझं नाव होतं का बघायला. होतं. दुसऱ्या क्रमांकावर. एकूण पाच नावं आणि पुढे 'व इतर'. अक्षर माझं.

पान संपत आलं होतं, घाई होती. आता कारणं आठवतात. तेव्हा एक ओळ वाचवताना माझा हातही थांबला नव्हता.

काकूंकडून हजेरीची वही आणली. सत्तेचाळीस नावं निघाली. कुणी एकच रविवार आलेलं, कुणी पहिल्या दिवसापासून न चुकता. पानांना गाळाची बोटं लागलीत. कुणी तरी मुलांच्या परीक्षेच्या तारखा समासात लिहिल्यात. एका ठिकाणी नावच नाही, नुसतं 'मुलगा, निळा शर्ट'. नाव विचारायच्या आत तो पाण्यात उतरला असणार.

मानपत्राच्या मागे लावायला कोरा कागद घेतलाय. वहीच्या क्रमानेच उतरवतेय, जो आधी आला तो आधी. एकोणतीस झाली. माझं एकतिसावं आहे. तिसावा म्हणजे तो निळा शर्ट. त्याचं नाव कुणाला माहीत आहे का, ते रविवारी विचारते. तोवर जागा सोडलीय.